तुम्ही विचारलंत म्हणून : लॉकवूडचे डोळे आणि लॉकवूडचे अंदाज

'वदरिंग हाइट्स' वाचायला घेतलेली मंडळी मला साधारण एकाच टप्प्यावर गाठतात. दुसरं प्रकरण संपलेलं असतं, तिसरं अर्धवट असतं. प्रश्नही ठरलेला: "यातला एकही माणूस धड बोलत नाही. घर अंधारं, कुत्री अंगावर धावून येतात, कोण कोणाचं कोण लागतं याचा पत्ता नाही. ही एवढी गाजलेली प्रेमकथा, मग तिची सुरुवात अशी का? पुढे वाचू की ठेवून देऊ?"

पुढे वाचा. मात्र वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. लॉकवूडला, म्हणजे ही गोष्ट आपल्याला सांगणाऱ्या पाहुण्याला, जे दिसतं त्यावर पूर्ण विश्वास ठेवा, आणि त्यावरून तो माणसांबद्दल जे ठरवतो त्यावर अजिबात ठेवू नका. पहिली तीन प्रकरणं याच फटीत उभी आहेत. ती फट एकदा दिसली की हीच पानं अख्ख्या कादंबरीतली सगळ्यात भरगच्च पानं वाटू लागतात. मला तरी तसं ठामपणे वाटतं. ते समजावण्यासाठी पुढचं थोडं कथानक सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

कादंबरी १८४७च्या डिसेंबरात 'एलिस बेल' या टोपणनावानं आली. लिहिणारी एमिली ब्राँटे, यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या धर्मोपदेशकाची मुलगी. वर्षभरानं, १८४८च्या डिसेंबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी ती गेली. तिची ही एकुलती एक कादंबरी. गोष्ट सुरू होते १८०१ साली. लॉकवूड नावाचा सुखवस्तू, परका गृहस्थ थ्रशक्रॉस ग्रेंज हे घर भाड्यानं घेतो आणि टेकडीवर राहणाऱ्या आपल्या घरमालकाला, हीथक्लिफला, भेटायला जातो. आपल्यापैकी बरेच जण या गोष्टीकडे सिनेमांतून आलेले असतात. दिलीपकुमारचा १९६६चा 'दिल दिया दर्द लिया' यावरच बेतलेला. १९३९च्या हॉलिवूडपटानं तर दुसरी पिढी पार गाळून टाकली. त्यामुळे पहिल्या पानापासून आपण प्रेमिक शोधत बसतो, आणि इथे दार उघडतो तो दात आवळून "या" म्हणणारा, हात बंडीतून बाहेरही न काढणारा माणूस.

आता लॉकवूडचे डोळे बघा. टेकडीवर उत्तरेचा वारा किती जोराचा असेल हे तो झाडांवरून ओळखतो. घराच्या टोकाला फरची मोजकी, खुरटी झाडं आहेत, ती सगळी एकीकडे कललेली. काटेरी झुडपांनी आपल्या सगळ्या फांद्या एकाच दिशेला पसरल्यात, जणू सूर्यापुढे हात पसरून भीक मागतायत. खिडक्या अरुंद आणि भिंतीत खोल बसवलेल्या. कोपऱ्यांना पुढे आलेले मोठाले दगड. एवढं वर्णन करून लॉकवूड आत जातो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, झालं हवापाणी.

पण सतराव्या प्रकरणात हीच झाडं परत येतात, हीथक्लिफच्या तोंडी. हिंडली अर्नशॉ मेलेला आहे. लहानपणी याच हिंडलीनं हीथक्लिफला घरात नोकरासारखं राबवलेलं. आता त्याचा पोरका मुलगा हेअरटन हीथक्लिफच्या ताब्यात येतो. तो त्या पोराला उचलून टेबलावर ठेवतो आणि पुटपुटतो, की बघू, तोच वारा पिरगाळायला लागला की एक झाड दुसऱ्यासारखंच वाकडं वाढतं की नाही. हे वाक्य वाचल्यावर पहिल्या प्रकरणातली ती झुडपं मला निसर्गवर्णन म्हणून वाचताच येत नाहीत. त्या घरात वाढलेल्या दोन मुलांचं काय झालं ते तिथे आधीच सांगून टाकलेलं आहे. लॉकवूडनं ते पाहिलं, नीट लिहूनही ठेवलं. त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचला नाही, एवढंच.

दारावरच्या कोरीवकामाचंही तसंच. झिजलेले विचित्र प्राणी, उघडी लहान मुलं, आणि त्यांच्या गर्दीत एक साल व एक नाव : १५००, हेअरटन अर्नशॉ. लॉकवूडला या घराचा इतिहास विचारायचा असतो, पण घरमालक दारात असा काही उभा असतो, की एक तर आत या नाहीतर चालू लागा. म्हणून तो विचारत नाही. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. चौकटीवर अर्नशॉ घराण्याचं नाव आणि त्याखाली मालक म्हणून हीथक्लिफ. घर एकाचं आणि बसलाय दुसराच, ही या कादंबरीतली मालमत्तेची सगळी भानगड पहिल्या भेटीत उंबरठ्यावर मांडलेली आहे. दुसऱ्या दिवशी लॉकवूडला तिथे एक मळकट कपड्यांतला तरुण भेटतो. हा गडी असावा की घरातला, हेच त्याला ठरवता येत नाही. तो तरुण गुरकावतो, की माझं नाव हेअरटन अर्नशॉ, आणि त्याचा मान राखलात तर बरं. दारावरचं नाव आदल्या दिवशीच वाचलेला हा शिकलेला माणूस त्यावरही थबकत नाही.

त्या तरुणाला वाचायला कुणी शिकवलेलंच नव्हतं, हे आपल्याला अठराव्या प्रकरणात कळतं. चोविसाव्या प्रकरणात तो मोठ्या अभिमानानं दाराकडे बोट दाखवून सांगतो, की आता मला ते वाचता येतं. मग एकेक अक्षर लावत स्वतःचंच नाव वाचतो. आकडे मात्र येत नाहीत. ऐकणारी मुलगी त्याला हसते. मला हा प्रसंग कादंबरीतल्या सगळ्या वादळांपेक्षा जास्त लागतो, आणि त्याची पूर्वतयारी पहिल्या प्रकरणातल्या त्या एका ओळीत आहे.

घराच्या आतही डोळे खोटं बोलत नाहीत. ओकचं छताला भिडणारं फडताळ, त्यावर कथलाच्या भांड्यांच्या रांगा आणि मधूनमधून चांदीचे तांबे नि पेले. वर लाकडी चौकटीला ओटच्या भाकऱ्या आणि गुरा-डुकरांच्या मांड्या टांगलेल्या. चुलाण्यावर जुन्या बंदुका. फडताळाखाली पिल्लांच्या गराड्यात पडलेली कुत्री. हे पिढ्यान् पिढ्या नांदलेलं, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर आहे. लॉकवूड स्वतःच म्हणतो, की या खोलीत गावाकडचा एखादा शेतकरी शोभला असता, हीथक्लिफ शोभत नाही. अगदी बरोबर. पण मग हीथक्लिफ कोण, या प्रश्नावर तो स्वतःच्याच स्वभावाचं उत्तर चिकटवतो. हा माझ्यासारखाच भिडस्त आहे, भावनांचं प्रदर्शन याला आवडत नसणार, वगैरे. आपण आपले गुण त्याला फार सढळपणे वाटतोय, हे त्याचं त्यालाच मध्ये एकदा जाणवतं. त्याच ओघात तो समुद्रकाठच्या एका मुलीची हकिगत सांगतो. तो तिच्याकडे नजरेनं प्रेम व्यक्त करत राहिला, आणि तिनं तशीच नजर परत दिली तेव्हा गोगलगायीसारखा आत ओढला गेला. ज्याला एका नजरेला उत्तर देता आलं नाही, तोच माणूस आपल्याला हीथक्लिफ आणि त्याची प्रेयसी कॅथरिन यांच्या दारापर्यंत घेऊन आलाय. ही निवड एमिलीनं फार विचारपूर्वक केली असणार, याबद्दल मला शंका नाही.

दुसऱ्या प्रकरणातला चहा सावकाश वाचा. बर्फ पडायला लागलंय, लॉकवूड न बोलावता परत आलाय. चुलीशी सतराच्या आतबाहेरची एक गोरी, सोनेरी केसांची मुलगी बसलीये. संभाषण सुरू करायचं म्हणून तो अंधारातल्या उशीवरच्या मऊ ढिगाकडे बघून विचारतो, की यातलं तुमचं लाडकं मांजर कोणतं? ढीग मेलेल्या सशांचा निघतो. ती चमचाभर चहाची पत्ती किटलीवर धरून विचारते, "तुम्हाला चहाला बोलावलंय?" तो म्हणतो, तुम्हीच बोलवायचं. ती चमच्यासकट चहा डब्यात परत टाकते आणि रडवेल्या पोरीसारखा ओठ काढून बसते. मग अंदाज सुरू होतात. ही हीथक्लिफची बायको असणार. नाही. मग या शेजारच्या, न धुतल्या हातांनी पाव खाणाऱ्या तरुणाची? तेही नाही, आणि तो तरुण लालबुंद होऊन मूठ वळतो. ती हीथक्लिफची सून. नवरा मेलेला. आणि हा तरुण त्याचा मुलगा? मुळीच नाही.

इथे वाचक वैतागतात, ते मला समजतं. पण या टेबलाशी बसलेल्या माणसांचं एकमेकांशी नातं काय हे बाहेरच्या सभ्य माणसाला ओळखता येत नाही, कारण घरात जी नाती असायला हवीत ती इथे सूडानं मोडून, वाकवून पुन्हा जोडलेली आहेत. सून म्हणताना हीथक्लिफ तिच्याकडे द्वेषानं पाहतो, हे लॉकवूडच्या नजरेतून सुटत नाही. पुन्हा डोळे शाबूत आणि अंदाज चुकलेला.

तिसऱ्या प्रकरणातल्या खिडकीबद्दल बहुतेक सगळे भुतापुरतंच बोलतात. त्याआधी एक फळी आहे. झोपायच्या त्या लाकडी कपाटात खिडकीच्या कठड्यावर एकच नाव पुन्हा पुन्हा ओरखडलंय : कॅथरिन अर्नशॉ, मग कॅथरिन हीथक्लिफ, मग कॅथरिन लिंटन. समीक्षकांनी दाखवून दिलंय, की या क्रमानं वाचलं तर आईचं, म्हणजे हीथक्लिफच्या कॅथरिनचं, आयुष्य होतं आणि उलट्या क्रमानं वाचलं तर तिच्या मुलीचं, चहा परत टाकणाऱ्या त्या दुसऱ्या कॅथरिनचं. मग स्वप्न. खिडकीवर घासणारी फांदी तोडायला लॉकवूड काचेतून हात घालतो आणि त्याच्या हातात एका मुलीचा बर्फासारखा गार हात येतो. मला आत घ्या, ती विनवते. सुटका होईना म्हणून तो तिचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, पांघरूण रक्तानं भिजेपर्यंत. पहिल्या तीन प्रकरणांत हीथक्लिफ उद्धट आहे, हेअरटन रांगडा आहे, घरातला म्हातारा नोकर जोसेफ तिरसट आहे, पण सगळ्यात क्रूर गोष्ट या शहाण्या पाहुण्याच्या हातून घडते, स्वप्नात का होईना. आणि त्यानंतर काही क्षणांतच तो कठोर घरमालक तीच खिडकी उघडून बाहेरच्या अंधाराला रडत हाका मारतो. कोण रानटी आणि कोण सुसंस्कृत, हा आपला दोन प्रकरणांचा हिशोब या एका पानावर उलटतो. प्रेमकथा कुठे आहे असं विचारलंत ना, ती इथे सुरू झाली.

जोसेफचं बोलणं कळत नाही, ही तक्रारही नेहमीची. ती यॉर्कशरची ठेठ बोली आहे. इंग्रज वाचकांनाही ती इतकी जड गेली, की १८५०च्या आवृत्तीत एमिलीची बहीण शार्लट हिनं ती मुद्दाम सोपी केली. म्हणून अडलात तर अडू द्या. तो बहुतेक वेळा कुणाला तरी पापाची आठवण करून देत असतो, एवढं धरून पुढे जा. चौथ्या प्रकरणापासून ग्रेंजची घरव्यवस्था पाहणारी नेली डीन सांगू लागते आणि वाट मोकळी होते. तिचेही अंदाज तपासून घ्यायचेच आहेत, पण तो विषय मोठा आहे.

शेवटचं. बऱ्याच आवृत्त्यांत सुरुवातीलाच वंशावळ छापलेली असते. तिसरं प्रकरण होईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर चहाच्या टेबलाशी लॉकवूडचं जे होतं ते तुमचं होणार नाही. पुस्तक संपल्यावर मात्र ती स्वतःच्या हातानं कागदावर काढा. सी. पी. सँगर नावाच्या एका वकिलानं १९२६मध्ये ती मांडली, तेव्हा अर्नशॉ आणि लिंटन या दोन्ही घराण्यांची बाजू किती काटेकोर जुळते ते लोकांच्या ध्यानात आलं. जन्म, लग्नं, मृत्यू, गहाण, वारसा, सगळ्याचा एमिलीनं हिशोब ठेवला होता. कागद पूर्ण झाला की पहिली तीन प्रकरणं लगेच, त्याच दिवशी पुन्हा वाचा.