यतीचा हात बघायला पांगबोचेला जाणाऱ्यांसाठी

नेपाळमधल्या पांगबोचेच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, ठेवलेला हात यतीचा, म्हणजे हिममानवाचा, नाही. तो जुनासुद्धा नाही. मूळ हात आणि त्याच्यासोबतची कवटी १९९१ मध्ये चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही. आज दिसते ती नक्कल, २०११ मध्ये न्यूझीलंडहून आणून दिलेली. नक्कल असल्याचं गोम्पातले लोक विचारल्यावर सरळ सांगतात, लपवत नाहीत. लपवलं ते काठमांडूत आमच्याकडून पैसे घेणाऱ्या दलालाने. ‘खास परवानगी’ म्हणून त्याने नेहमीच्या खर्चावर १५,००० नेपाळी रुपये उकळले आणि वर म्हणाला, अस्सल हात फक्त आमच्याच ग्राहकांना दाखवतात. अशी परवानगी अस्तित्वातच नाही. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या ह्या भागात, कागद लागतात ते दोनच: लुक्लाला ग्रामपालिकेची पावती आणि मोंजोच्या चौकीवर सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश. उद्यानात सार्क देशांच्या नागरिकांना वेगळा, कमी दर आहे, तेव्हा पासपोर्ट आधी पुढे करा. गोम्पात दानपेटी असते, तिच्यात आपल्या मनाने टाकायचं. तिसऱ्या कसल्याही कागदाचे पैसे कुणी मागितले तर तिथून उठून चालू लागा.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं गेलो होतो. मामेभाऊ लहानपणापासून यतीवर विश्वास ठेवून आहे. मी ठेवत नव्हतो, पण पुरावा डोळ्यांनी बघायची इच्छा माझीच जास्त होती. लुक्ला ते नामचे ह्या वाटेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चांगली वाट आहे, गर्दी आहे, झालं.

नामचेहून दीड-दोन तासांवर खुमजुंग. तिथल्या गोम्पात ‘यतीची टाळू’ आहे, ती मात्र खरोखर बघण्यासारखी आहे. पत्र्याचं कुलूपबंद कपाट, आत काच. किल्लीवाले आजोबा बटाट्याच्या शेतात होते, त्यांना बोलावून आणावं लागलं. आम्ही माणशी ३०० रुपये पेटीत टाकले. टाळू उंच टोपीसारखी, शंकूच्या आकाराची. केस तांबूस-काळे, ब्रशसारखे राठ, आणि मधोमध उभ्या केसांची एक रेघ पुढून मागे गेलेली. मामेभाऊ त्या रेघेवर अडून बसला. नर गोरिलाच्या कवटीवर अशीच हाडाची कड असते, आणि ह्या टाळूला कुठे शिवण नाही, मग ही बनवली कशी? मुद्दा चांगला आहे. साठ वर्षांपूर्वीच्या लोकांनाही तोच प्रश्न पडला होता.

म्हणूनच १९६० मध्ये एडमंड हिलरीने गावाकडून ही टाळू सहा आठवड्यांच्या बोलीवर मागून घेतली. गावाचे मुखिया खुन्जो चुंबी स्वतः सोबत गेले. शिकागो, पॅरिस, लंडन अशी ती तज्ज्ञांपुढे ठेवली गेली. निष्कर्ष निघाला की ही सेरोच्या कातडीची आहे. सेरो म्हणजे नेपाळीतला थार, ह्याच जंगलांत राहणारा, बकरीच्या कुळातला राठ केसांचा प्राणी. त्याच्या मानेखांद्यावरची कातडी ओली असताना साच्यावर ताणली की शिवण लागतच नाही. हिलरीच्या माणसांनी तशी टाळू करूनही दाखवली. मधली रेघ म्हणजे थारच्या आयाळीची रेघ. हे ऐकून घेऊन मग टाळूकडे परत बघा. मला ती जास्तच आवडली. कुणीतरी फार कौशल्याने केलेली, पिढ्यान्‌पिढ्या पूजेत जपलेली वस्तू आहे ती. टाळू देण्याच्या बदल्यात गावाने हिलरीकडे शाळेची मागणी केली होती. १९६१ मध्ये उभी राहिलेली खुमजुंगची शाळा गोम्पापासून हाकेच्या अंतरावर आहे, तीही बघून घ्या.

आता वाटेतल्या वाईट टप्प्याबद्दल. खुमजुंगहून फोर्त्सेला जाताना मोंग-ला ही खिंड (३,९७५ मीटर) चढून पलीकडे फोर्त्से टेंगाला उतरावं लागतं. ही उतरण उत्तरेकडे तोंड करून आहे, भूर्जाच्या आणि गुरांसच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून जाते, तिथे ऊन पोचत नाही. आदल्या रात्री बर्फ पडलं होतं आणि खाली जुन्या बर्फाचा निळसर, काचेसारखा थर. दलालाने सांगितलं होतं, ‘मार्चमध्ये बर्फ नसतं, क्रॅम्पॉन (बुटांचे काटे) घेऊ नका.’ एका तासाची उतरण आम्ही तीन तासांत उतरलो, त्यातली बरीचशी बसून. माझी बायको दोनदा घसरली. दुसऱ्यांदा एका झाडाच्या मुळाला बूट अडकला म्हणून थांबली. त्या मुळाखाली काय होतं ते मी पाहिलंय. बुटांना चढवायचे साखळीचे काटे नामचेच्या बाजारात कुठेही मिळतात. ते न घेता मार्चमध्ये ह्या वाटेला जायचं नाही, आणि ह्यात मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही. नकोच वाटत असेल तर तेंगबोचेवरून जा. फुंकी टेंगापर्यंत उतरून सहाशे मीटर चढावं लागतं, दम निघतो, पण ती वाट रुंद आहे.

तरीही फोर्त्सेवरूनच गेलो ह्याचा मला आनंद आहे, कारण खरा पुरावा आम्हाला तिथे मिळाला.

सामान फोर्त्सेलाच ठेवून आम्ही पांगबोचेला एका दिवसात जाऊन परत आलो. सकाळी आठच्या सुमाराला लॉजचा कुत्रा आमच्या पुढे चालत होता. एका घळीत ताजं बर्फ होतं, त्यावर त्याची पावलं उमटली. पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय अर्धवट पडलेला. मी सहज बोटं लावून बघितली: एकेक ठसा चार बोटं. दुपारी दोनला त्याच घळीत परतलो तेव्हा घळ उन्हात होती. दोन ठशांमधली बर्फाची भिंत विरघळून एकच लांबट पाऊल झालं होतं. टाच रुंद, पुढे नखांच्या जागी ठसठशीत बोटं. हात पसरून मोजलं तर वीतभराहून मोठं. तेच पाऊल, सहा तासांनी. मामेभाऊ गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला. कुत्रा पुढे जाताना आम्ही बघितला नसता तर मीसुद्धा त्या पावलाचे फोटो घेऊन घरी सगळ्यांना दाखवले असते.

गिर्यारोहक एरिक शिप्टनचा नोव्हेंबर १९५१ चा तो प्रसिद्ध फोटो, मेनलुंग हिमनदीवरचा, ठशाशेजारी बर्फ फोडायची कुऱ्हाड ठेवलेला, माझ्या डोळ्यांसमोर आला. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय सैन्याने मकालू बेस कॅम्पजवळचे ३२ बाय १५ इंचांचे ठसे जाहीर केले, तेही आठवले. ह्या दोन्ही ठिकाणी नेमकं काय चाललं होतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बर्फातला ठसा किती वेळ उन्हात होता हे कळल्याशिवाय त्याच्या मापाला अर्थ नाही. अस्वलही चालताना मागचा पाय पुढच्या ठशावर टाकतं, आणि त्याचा मागचा तळवा माणसाच्या पावलासारखा दिसतो.

त्या रात्री चुलीजवळ वाद रंगला. मामेभाऊ म्हणाला, हाताचं काय? हाताचंही उत्तर आहे. १९५९ मध्ये पीटर बर्न ह्या शोधकाने पांगबोचेच्या हाताचं एक बोट काढून नेलं. हॉलिवूडचा नट जेम्स स्ट्युअर्ट ह्याच्या सामानातून ते लंडनला पोचलं असं सांगतात. २०११ मध्ये त्या बोटाची डीएनए तपासणी झाली. बोट माणसाचं निघालं. पुढे २०१७ मध्ये शास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी ‘यतीचे’ म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले, हाडं, दात, केस, कातडी, विष्ठा. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. कुत्र्याचा ऐकून मामेभाऊ पहिल्यांदा गप्प झाला.

लॉजच्या म्हाताऱ्या बाजेंना ह्या वादात रस नव्हता. ते म्हणाले, आमच्यात ‘द्झू-ते’ म्हणतात तो गुरं मारतो, तो अस्वलच आहे, आम्हाला माहीत आहे. ‘मि-ते’ वेगळा. तो दिसला तर माणूस आजारी पडतो, त्याला शोधायला जायचं नसतं. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. बाहेरून आलेल्यांनी ही सगळी नावं एकत्र करून एक वानर तयार केला आणि मग त्याची हाडं शोधत गोम्पातल्या हाताचं बोट तोडलं. माझ्या मते खुंबूत अज्ञात वानराचा एकही पुरावा नाही. पण ज्या अस्वलांचे हे बहुतेक नमुने निघाले, त्यांतलं हिमालयातलं तपकिरी अस्वल स्वतः दुर्मिळ झालंय आणि त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही, ह्याचा मला राग येतो.

पुढे जाणाऱ्यांनी एवढं करा. खुमजुंगच्या गोम्पात सकाळी लवकर पोचा. नंतर किल्लीवाले शेतात जातात आणि मग तासभर वाट बघावी लागते. आत फोटो काढायच्या आधी विचारा. फोर्त्से ते पांगबोचे वाट अरुंद आहे, याक आले तर डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. पांगबोचेचा गोम्पा वरच्या गावात आहे, खालच्या लॉजवाल्या गावात शोधत बसू नका. आणि बर्फात मोठं पाऊल दिसलं तर शेजारी मापाची वस्तू ठेवून फोटो काढा, वेळ लिहा, आणि परतताना त्याच जागी थांबून पुन्हा काढा.