चाकं फिरली तेवढेच पैसे

वर्गणी मागायचं काम मला कधीच जमलं नाही. सोसायटीच्या गणपतीची पावतीपुस्तकं एका वर्षी माझ्या हातात आली होती. दोन बेल वाजवल्या, तिसऱ्या दाराशी घसा कोरडा पडला आणि पुस्तकं सेक्रेटरींच्या हातात परत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही पाच शाळूसोबत्यांनी मांडव्याहून दापोली तालुक्यापर्यंत सायकलवर जायचं आणि त्यावर पैसे उभे करायचे असं ठरवलं, तेव्हा कोकणातल्या चढांचं मला काही वाटलं नाही. फोन कसे करायचे, याने पोटात गोळा आला.

निमित्त एका मैत्रिणीच्या माहेरचं. तिच्या गावाजवळच्या हायस्कुलात आजूबाजूच्या वाड्यांवरून मुली येतात. कुणी चार किलोमीटरवरून, कुणी सहा. एसटी आहे, पण तिची वेळ शाळेची घंटा बघून ठरवलेली नाही. सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. बारा मुलींना सायकली हव्या होत्या. आम्हाला वाटलं, गिअरच्या देऊ, चढ आहेत ना! मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवरच मोडीत काढलं. "गिअर बिघडला तर दुरुस्त कोण करणार? साधी द्या. कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, कुलूप." दुकानदाराने सगळं धरून एका सायकलचे 5,800 सांगितले. बारांचे 69,600. आमचा रस्ता साधारण 190 किलोमीटरचा. म्हणजे दर किलोमीटरला 366 रुपये उभे राहायला हवेत. हा आकडा कागदावर आला आणि मला एकदम हायसं वाटलं. "काहीतरी मदत करा" म्हणताना जीभ अडते, "किलोमीटरला पाच रुपये लावतोस का?" हे विचारता येतं.

आणि लोकांनी लावले. बहुतेकांनी आमच्यावर विश्वास नव्हता म्हणून लावले. नवरा म्हणाला, "स्टेशनला रिक्षाने जाणारी बाई तू. लाव माझे दहा." ऑफिसमधल्या एकाने 80जीची, म्हणजे आयकरात सवलत देणारी, पावती मिळेल का विचारलं, नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळला. सासऱ्यांचे एक जुने स्नेही आहेत, आयुष्यभर ऑडिट केलेले. आम्ही त्यांना ऑडिटरकाकाच म्हणतो. त्यांनी सगळ्यात जास्त लावले, किलोमीटरला 20, पण अट घालून. "चाकं फिरली आणि त्यावर तू होतीस, तेवढेच धरायचे. बोटीत बसून गेलीस ते नाही. रोजचा आकडा रात्री मला पाठवायचा, मीटरच्या फोटोसकट."

एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच बरी केली. पैसे आमच्यापैकी कुणाच्याही खात्यावर घेतले नाहीत. सगळे थेट शाळेच्या खात्यात, पावती शाळेची. मैत्रीत पैशाचा हिशेब एकाकडे ठेवला की तो माणूस पुढे वर्षभर खुलासेच देत बसतो.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली चढवल्या. बोटीवर वडापाव खाताना सगळेच शूर होतो. मांडवा ते अलिबाग, अलिबाग ते रेवदंडा हे अंतर बागांच्या सावलीतून कसं गेलं कळलंही नाही. रेवदंड्याच्या पुलावर कुंडलिकेचं पात्र ओलांडलं आणि समोर कोर्लईचा किल्ला समुद्रात पाय सोडून बसलेला दिसला. काशीदला सुरूच्या बनाखाली शहाळी प्यायली. मुरुडला पोचलो तेव्हा मीटरवर 68 होते आणि पद्मदुर्गाच्या मागे सूर्य बुडत होता. बाकीच्यांनी फोटो काढले. मी खोलीवर जाऊन पालथी पडले. पॅडिंगवाली शॉर्ट घालूनही बसायची जागा कुठली आणि दुखण्याची कुठली हा फरक उरला नव्हता.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं हे शहाणपण आमच्यातल्या डॉक्टरचं. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे पाठीला लागले. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे, अगदी नावापुरता. अकरा-बारानंतर समुद्राकडून, वायव्येचा. आपण दक्षिणेला जात असलो तर तो थोडा पाठीशी येतो. उलट दिशेने येणारा एक एकटा सायकलवाला दिघीच्या अलीकडे भेटला. त्याचा चेहरा बघून डॉक्टरला दुपारचं जेवण आम्ही दिलं.

दुसरा दिवस. मुरुड सोडल्यावर राजपुरीच्या बाजूला चढून वर आलं की जंजिरा दिसतो. तिथून खाली आगरदांडा. फेरीबोटीला सगळे जंगलजेटीच म्हणतात. गाड्या, मोटरसायकली, मासळीच्या टोपल्या आणि त्यात आमच्या पाच सायकली. पलीकडे दिघी. धक्का सोडला की लगेच चढ. एका पानाच्या टपरीवर विचारलं, "पुढे चढ आहे का हो?" तो म्हणाला, "नाय ओ, चढ नाय. थोडीशी घाटी आहे." कोकणात रस्ता विचारणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं. थोडीशी घाटी म्हणजे सगळ्यात हलका गिअर टाकून, जीभ बाहेर काढून, शेवटी खाली उतरून ढकलत नेण्याचा प्रकार. मी दोन किलोमीटर ढकलली. मागून शाळेतली दोन पोरं चालत आली आणि मला मागे टाकून गेली.

दिवेआगरला जिच्याकडे जेवलो त्या काकूंच्या वाडीत मधेमधे मोकळी भगदाडं होती. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ इथूनच जवळ जमिनीवर आलं. "सकाळी पोफळी उभ्या होत्या, संध्याकाळी सगळ्या आडव्या," काकू वाढता वाढता म्हणाल्या, जणू कुणा दुसऱ्याची वाडी होती. नवी रोपं लावलीत, कमरेच्या वर आलीत. सुपारी धरायला अजून वर्षं जायची आहेत. मग ताटात आणखी एक मोदक टाकत त्यांनी विचारलं, "तुम्ही हे पैशासाठी करताय की हौस म्हणून?" डॉक्टर म्हणाला, पैशासाठी. मी म्हटलं, हौस म्हणून. दोन्ही खरंच होतं. काकूंनी जेवणाच्या पैशातले शंभर परत केले. "हे त्या पोरींना. किलोमीटर-बिलोमीटर नाही."

दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून जाणारा रस्ता. त्या रस्त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तो वाचण्याचा नाहीच. उजव्या हाताला समुद्र इतका जवळ की ओठांवर मीठ येतं, डावीकडे डोंगर, मधेच वळणावर सुकत घातलेल्या मासळीचा वास. तासभर आमच्यापैकी कुणीही बोललं नाही, आणि शाळेपासून एकत्र असलेल्या पाच जणांच्या बाबतीत हे नवलच आहे. शेखाडी सोडल्यावर माझ्या मागच्या चाकाची हवा गेली. टायर काढून आतून बोट फिरवलं तर पापणीच्या केसाएवढी तार. ट्रकचा टायर फुटला की त्याच्या आतल्या तारांचे असे तुकडे रस्त्यावर पडतात, ते सायकलच्या टायरमध्ये घुसतात. नुसती ट्यूब बदलून तार आत तशीच ठेवली असती तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. नखात धरून ती तार काढायला मला अर्धा तास लागला. त्या रात्री हरिहरेश्वरला मीटर 64.

रात्री काकांना आकडा पाठवला आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "यातले दोन ढकलत नेले. धरू की नको?" बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "धर. सायकलवर बसण्यापेक्षा सायकल ढकलणं जड. पण उद्या सवय लावून घेऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून पुन्हा जंगलजेटी, पलीकडे वेसवी. सावित्रीची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. मैत्रिणीचा चुलतभाऊ छोटा हत्ती घेऊन वेसवीलाच थांबला होता, आमच्या मागून येणार म्हणून. मला त्या गाडीचा तेव्हाच राग आला. रिकामी गाडी मागे घुरघुरत असली की पाय आपोआप जड होतात. बाणकोट, वेळास करत केळशीपर्यंत मी रेटलं. केळशी सोडल्यावरच्या चढावर उजव्या मांडीत असा गोळा आला की क्लीट (बूट पेडलला अडकवणारा खटका) नसलेल्या पेडलवरूनही पाय सुटेना. रस्त्याच्या कडेला आडवी झाले. डॉक्टरने इलेक्ट्रॉल पाजलं, पाय ताणला, पुन्हा बसवलं, पुन्हा गोळा. चुलतभावाने काहीही न विचारता सायकल उचलून हौद्यात टाकली आणि मला पुढे बसवलं.

गाडीत बसल्यावर आधी रडू आलं आणि मग मोबाईलवर आकडेमोड सुरू केली. माझ्या अकरा जणांनी मिळून किलोमीटरला 95 लावले होते. उतरेपर्यंत सात किलोमीटर होणार होते. 665 रुपये. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, कोणाला कळणार आहे? मी नाय सांगणार." खरं सांगते, आडे गाव येईपर्यंत मी त्याचं म्हणणं मनात घोळवलं. माझ्या सात किलोमीटरमुळे बारांतली एक सायकल कमी झाली तर? मग आंजर्ल्याच्या सपाटीवर उतरले, उरलेलं अंतर चालवलं, आणि शाळेच्या फाटकात शिरताना मीटर 51 दाखवत होता. बाकी चौघांचे 58. लोक टाळ्या वाजवत होते, मला तेवढाच फरक दिसत होता.

काकांना लिहिलं: एकूण 183. त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेच्या खात्यात 3,660 भरले. एक रुपया वर नाही. मला थोडं लागलं. वाटलं होतं, एवढी प्रामाणिक कबुली दिल्यावर माणूस पूर्ण करेल. सासरे हसले. "तो तुझा हिशेब मानतो, हेच त्याचं कौतुक."

पाचही जणांचे मिळून किलोमीटरला 392 लागले होते. माझे सात वजा, आणि दोघांनी फोन उचलणं बंद केलं ते वजा (असे दोघं असतातच, आधीच धरून चाला), शाळेत 71,915 जमले. काकूंचे शंभर वेगळे. सायकली बारा आल्या. उरलेल्या 2,315 मधून बाईंनी एक उभा पंप, पॅच, सोल्युशन आणि जादा ट्यूबा घेतल्या, कारण पंक्चरचं सगळ्यात जवळचं दुकान बाजारात, आणि बाजार पाच किलोमीटर.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी एकटीच गेले. खेडपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. पावसाची झोड होती. व्हरांड्यात सायकली ओळीने लावलेल्या आणि बाई ऑइलपेंटने प्रत्येकीच्या मडगार्डवर नंबर घालत होत्या. सायकल शाळेची, दहावी झाली की परत करायची, पुढच्या मुलीला मिळायची. हे मला आवडलं. आम्ही सुचवलेलं नव्हतं.

आठवीतली एक बारकी मुलगी तिच्या वाट्याच्या सायकलपाशी उकिडवी बसली होती. बाकीच्या घंट्या वाजवून बघत होत्या. ही पुढचा ब्रेक दाबून चाक हाताने फिरवत होती. सोडायची, दाबायची, पुन्हा फिरवायची. मग उठून दुकानदाराच्या माणसाकडे गेली.

"काका, हा अजून आवळून द्या."

"आवळलाय की गं."

"अजून. आमची वाडी वर आहे ना. सकाळी शाळेत येताना सगळा उतारच."

त्याने पाना घेतला. ती शेजारी छत्री धरून उभी राहिली, त्याच्या हातावर पाऊस पडू नये म्हणून.