मनगट दुखून राहिलं तर तबला खाली ठेवा
एप्रिल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींचं एकच सुरू होतं, सर तबल्याची परीक्षा आली, रोज चार-चार तास बसून राहिलो, आणि सांगता सांगता हात पुढे करतात तर मनगटाला क्रेप बँडेज. त्या बँडेजचा त्यांना अभिमान वाटतो ना, ते मला फार लागतं. बोटं सुजल्याशिवाय रियाज झालाच नाही असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून ठेवलंय. बोटाला घट्टे पडणं वेगळं आणि मनगटातून कोपरापर्यंत कळ जाणं वेगळं. कळ आली, मुंग्या आल्या की त्या दिवशी हात बंद, आणि दोन-चार दिवसांत गेलं नाही तर सरळ डॉक्टरकडे जा, बाम चोळून परत बसू नका. लिऑन फ्लायशर एवढा मोठा अमेरिकन पियानोवादक, 1960 च्या दशकात उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली आणि कितीतरी वर्षं त्याला डाव्या एकाच हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवावं लागलं.

आपल्या नागपुरात वरून कूलरची भानगड. मे महिन्यात 45 डिग्रीत कूलरसमोर बसल्याशिवाय इलाज नाही हे मलाही कळतं, पण त्या ओलसर हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ढिली पडते, स्वर उतरतो, नाद बसका येतो, आणि पोरगं काय करतं तर जोर वाढवतं, त्यात कूलरचा घरघराट इतका की स्वतःचं ऐकू यायला अजून जोर, मग मनगट दुखणार नाही तर काय होणार बापा! आधी हातोडी घ्या, स्वर लावा. कोरड्या खोलीत नेला की तोच तबला चढतो, तेव्हा खोली बदलली की परत बघायचं. खालची चुंबळही बघा, म्हणजे ज्यावर वाद्य ठेवतो ते कापडी कडं, ती दबली की डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा मोठा तबला, कलतो आणि हात वाकडा पडतो. सगळ्यात चांगलं म्हणजे पहाटे साडेपाच-सहाला कूलर बंद करून बसा.

सकाळचं मी उगाच नाही सांगत. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर केलेला अभ्यास 1993 मध्ये छापून आला, त्यात चांगली वाजवणारी मुलं रियाज भरपूर करायची पण तुकड्यातुकड्यात, जास्त करून सकाळी, एका बैठकीला तास-सव्वातास, मग सुट्टी, आणि दुपारची झोपही घ्यायची. लोकांनी त्यातले फक्त तास लक्षात ठेवले, झोप विसरले. मेच्या दुपारी अख्खं नागपूर झोपलेलं असतं तर पोरांनाही झोपू द्या ना.

आणि बसाल तेव्हा कायदा, म्हणजे ज्याचा विस्तार करतात ती बोलांची ठरलेली रचना, पहिल्यापासून शेवटपर्यंत पळवत नेऊ नका. धा धा तिरकिट धा धा तूना घेतला आणि तिरकिटवर हात अडकला तर फक्त तिरकिट बाहेर काढा, लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला 60 वर ठेवा, खांदा सैल सोडा, प्रत्येक अक्षर सुटं ऐकू आलं की मग परत कायद्यात घाला. बरोबरीत, म्हणजे मूळ लयीत, स्वच्छ नाही तर दुगुण, म्हणजे दुप्पट लय, कशाला? मोबाइलवर रेकॉर्ड करून लगेच ऐका, वाजवताना साफ वाटलेलं ऐकताना खूपदा साफ नसतं. गाणाऱ्यांनाही हेच, आवाज घोगरा झाला की ताना थांबवायच्या.

हात बंद म्हणजे रियाज बंद असं नाही, पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, आहे ना! आमच्याकडची एक मुलगी लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत मांडीवर हलकी टाळी-खाली धरून तोंडातल्या तोंडात कायदा म्हणत येते, पलटे, म्हणजे त्याच बोलांची उलटसुलट रूपं, तिथेच जुळवते, आणि बैठकीवर बसते तेव्हा पुढचा बोल कोणता हे तिला शोधावं लागत नाही. दुखऱ्या हाताच्या आठवड्यात एवढंच करा. परीक्षेत हातावर ताल धरून बोल म्हणायला सांगतातच, तिथेही ते कामी येतं.