तांब्याला हाक कशी मारायची

१२ मे

आज वळीव झाला. चारच्या सुमारास अजिंक्यताऱ्यावर काळं दाटून आलं. आधी धुळीची वावटळ, मग गारा, आणि मग असा कडकडाट की ऑफिसच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. माझा सगळा जीव घरी आमच्या कुत्र्यापाशी, तांब्यापाशी. ढग गरजले की तो आईच्या कॉटखाली शिरतो, भिंतीला चिकटून बसतो आणि पाऊस थांबून तास झाला तरी बाहेर येत नाही. दहा वर्षांत एकही वळीव याशिवाय गेलेला नाही.

घरी आले तर हा पडवीत, गार फरशीवर चारी पाय ताणून गाढ झोपलेला.

"म्हातारपणी का होईना, धीट झाला बाई," आई म्हणाली. आम्हा दोघींना इतकं बरं वाटलं की मी त्याच्यासाठी अंडं उकडलं.

१३ मे

तो धीट झालेला नाही. त्याला ऐकू येत नाहीये.

सकाळी माझ्या हातून परात पडली. स्टीलची मोठी परात, ओट्यावरून थेट फरशीवर. गोल गोल फिरत थांबेपर्यंत तिने घर दणाणून सोडलं. तांब्या दारात माझ्याकडे पाठ करून बसला होता. त्याचा उजवा कान उभा आणि डावा अर्ध्यात दुमडलेला असतो. आवाज झाला की आधी उजवा कान वळतो, मग मान, मग तो. आज कान हललासुद्धा नाही.

मी त्याच्या मागे उभी राहून टोस्टचा डबा वाजवला. गच्चीवरून धावत यायचा तो या डब्याला. मग किल्ल्या, मग ताटावर चमचा. काही नाही. टाळी वाजवली तेव्हा वळला, पण मी फार जवळ होते, हाताचा वारा लागला असेल. आई म्हणाली, "पुरे कर गं, किती परीक्षा घेशील त्याची?" आणि डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी मी गाडी लावून घरात आले तेव्हा चहाचं पाणी ठेवलेलं नव्हतं. माझी स्कूटर कोपऱ्यावर वळली की तांब्या उठून फाटकाशी जायचा आणि तो उठला की आई आधण ठेवायची. गेली कित्येक वर्षं माझा चहा त्याच्या कानांवर होत होता.

१५ मे

डॉक्टरांकडे जाऊन आले. हे लिहायला अवघड जातंय, पण लिहिणार.

गेल्या आठवड्यात तो सारखा डोकं झटकत होता, कान खाजवत होता. कानाला वास येत होता. मी कपाटातले गेल्या वर्षीचे थेंब काढले, तारीख बघितली, मुदतीत होते. दोन्ही कानांत घातले, तीन दिवस घातले. डॉक्टरांना दाखवलं नाही. मागच्या वेळी याच थेंबांनी बरं वाटलं होतं, एवढाच माझा विचार.

डॉक्टरांनी दुर्बिणीने कान पाहिले. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, त्यामुळे घाण त्या वळणावर साचते आणि वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. डाव्या कानाचा पडदा फाटलेला निघाला. उजव्याची नळी सुजून इतकी अरुंद झालेली की पडद्यापर्यंत नजरच पोचेना. मग त्यांनी बाटली मागितली. मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी बारीक अक्षरं वाचली आणि निओमायसिन या शब्दावर बोट ठेवलं. पडदा शाबूत असेल तर हे औषध बाहेरच राहतं आणि काम करतं. पडदा फाटला असेल तर मधल्या कानात उतरतं, तिथून आतल्या कानात जाऊ शकतं, आणि तिथल्या केसांसारख्या नाजूक पेशींना ते विष आहे. त्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांच्या येतात, म्हणाले, कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात. कुत्र्याच्या नाही आणि आपल्याही नाही.

मी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, जंतुसंसर्ग मधल्या कानापर्यंत गेला तरी ऐकू येणं जातं. आणि दहा वर्षांच्या कुत्र्याचे कान आधीपासूनच हळूहळू जात असतात. ते वास, सावली, आपल्या हालचाली यांवर इतकं छान निभावतात की घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि उरलंसुरलं गेलं की एका रात्रीत गेल्यासारखं वाटतं. तिन्हींतलं नेमकं काय झालं, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे मोजायची एक तपासणी असते. कातडीखाली बारीक सुया लावतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि आलेख काढतात. पण तिने उपचार बदलणार नाही, असं ते म्हणाले. थेंब बंद. पोटातून औषध. तीन आठवड्यांनी परत दाखवायचं. सूज उतरली की थोडंफार परत येऊ शकतं, आशा धरा पण तिच्यावर अवलंबून राहू नका.

बाटली घरी येऊन फेकली. कपाटातली बाकीची उरलेली औषधंही फेकली, माणसांचीसुद्धा.

२७ मे

आज तांब्या मला चावला.

दुपारी झोपला होता. औषधाची वेळ झाली म्हणून मी मागून जाऊन पाठीवर हात ठेवला, दहा वर्षं ठेवते तसाच. तो ओरडत उठला आणि माझं मनगट तोंडात धरलं. क्षणभरच. मग मला ओळखलं, सोडलं आणि कॉटखाली गेला. वळवाच्या वेळी बसायचा अगदी त्याच जागी. मनगटावर दातांचे दोन ठसे, कातडी फाटली नाही. साबणाने खूप वेळ धुतलं, डॉक्टरांना फोन केला, त्याची लस वेळेवर झाली आहे हेही सांगितलं.

तो दोन तास बाहेर आला नाही. मी फरशीवर आडवी होऊन कॉटखाली बघत होते. त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

आई तिच्या खुर्चीतून म्हणाली, "मागून येऊ नये गं. मला विचार ना." आईला कानाचं यंत्र लागून चार वर्षं झाली. "तू स्वयंपाकघरातून काहीतरी बोलतेस, मला नुसती गुणगुण येते. मग एकदम खांद्यावर हात पडतो, काळजात धस्स होतं. समोर यावं माणसानं. आधी दिसावं, मग बोलावं."

चार वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

४ जून

झोपेतून उठवायची रीत बसली. मूठ नाकासमोर धरायची, हात लावायचा नाही. चार-पाच श्वासांत नाकपुड्या हलायला लागतात, मग शेपटीचं टोक, मग डोळा उघडतो. नाक आधी जागं होतं, हे मला या वयात कळलं. आईला वाकता येत नाही, म्हणून ती त्याच्या गोधडीच्या कडेवर पायाने हलकेच दाबते. दर वेळी लगेच खाऊ द्यायचा, म्हणजे अचानक जाग येणं ही चांगली गोष्ट आहे असं त्याच्या मनात बसतं.

फेरतपासणी झाली. पडदा भरून येतोय, सूज गेली. ऐकू मात्र येत नाही.

१५ जून

खुणा शिकवतेय. हात पसरून छातीकडे आणला की ये. पंजा खाली दाबला की बस, ती त्याला आधीपासून येत होती. लहानपणी आवाजासोबत मी हातही करायचे, त्याने दोन्ही लक्षात ठेवलं होतं. दोन्ही हात उघडून नाचवले की शाबास. ही खूण आईची, आणि ती करताना आई इतकी मनापासून हसते की तो खाऊची वाटही बघत नाही.

अंधारात तो अंगणात असला तर पडवीचा दिवा दोनदा उघडझाप करायचा. दिवा चमकला की टोस्ट. पहिले तीन दिवस त्याने नुसतं दिव्याकडे पाहिलं. चौथ्या रात्री चमकताच वळून धावत आला.

ओळखीच्या एकांनी सांगितलं, आता राखणीच्या कामाचा नाही, दुसरं पिल्लू आणा. मी त्यांना काही बोलले नाही. तांब्याला आम्ही राखणीसाठी आणलं नव्हतं.

२१ जून

हात अजून थरथरतोय.

गॅसवाला येऊन गेला आणि फाटक उघडं राहिलं. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं असेल. चपला न घालता धावले. "तांब्या! तांब्या!" गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक दारात आले, गॅलरीत आले. सगळ्या गल्लीने माझी हाक ऐकली, आणि ज्याच्यासाठी होती त्याला ती ऐकू येणार नव्हती. हे धावता धावता कळत होतं, तरी तोंड बंद होत नव्हतं. मुख्य रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मला.

इस्त्रीवाल्या काकांच्या गाडीखाली सापडला. कोळशाच्या इस्त्रीची ऊब आहे तिथे, शिवाय तो काकांना वासाने ओळखतो. काकांनी त्याच्या गळ्यात कपडे बांधायची दोरी अडकवून ठेवली होती. "ताई, हाका ऐकू येत होत्या तुमच्या, पण याला सोडून कसा येऊ?" मी तिथेच रस्त्यावर बसले आणि त्याला धरलं.

फाटकाला आतून दुसरी कडी लावून घेतली. गळपट्ट्यावर पितळी बिल्ला करायला टाकला. एका बाजूला फोन नंबर, दुसऱ्या बाजूला "मला ऐकू येत नाही". पहाटे अजिंक्यताऱ्यावर त्याला मोकळा सोडायचे, तेही बंद. आता लांब दोरी. पूर्वी झाडीत मोर ओरडला की तो थबकायचा. आता सरळ चालतो, आणि दहा-बारा पावलांवर मागे वळून बघतो, मी आहे का.

९ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही.

तो आता मला घरभर धरून असतो. न्हाणीघराच्या दाराला पाठ टेकून बसतो, म्हणजे दार उघडलं की कळेल. सुरुवातीला मी तो झोपलेला असताना गुपचूप ऑफिसला जायचे. आईने सांगितलं, तू गेल्यावर उठतो आणि प्रत्येक खोली दोनदा हुंगून येतो. आता निघताना नाकासमोर मूठ धरते, उठवते, पर्स हुंगू देते, आणि तळहात त्याच्या कपाळावर टेकवते. ही "येते" ची खूण. तो फाटकापर्यंत येतो, स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो आणि परत जाऊन झोपतो. मग शोधत नाही.

आणि मी अजून त्याच्याशी बोलते. तांब्या म्हणते, सोन्या म्हणते. आई म्हणते बोलत राहा, नाव घेताना तुझा चेहरा बदलतो, तो तेच बघतो.

चहाचं आधण आता मी आल्यावर.

३० सप्टेंबर

परतीचा पाऊस. रात्री साडेदहाला वीज गेली. मी खाटेवर पडून होते, तांब्या दाराशी त्याच्या गोधडीवर. लांब यवतेश्वराच्या बाजूला गडगडत होतं. मग अगदी जवळ वीज चमकली, लगेच पुन्हा चमकली. खिडकीतून सगळी खोली पांढरी झाली, अंधारली, पांढरी झाली. कडकडाटाने मीच दचकून उठून बसले.

तिसऱ्यांदा चमकलं तेव्हा तांब्या उठून उभा होता. माझ्याकडे बघत होता. कॉटखाली गेला नाही. शेपटी हलवत खाटेपाशी आला आणि हनुवटी गादीवर टेकवून थांबला.

दोनदा उजेड म्हणजे ये.

मी अंधारात चाचपडत जाऊन डबा आणला आणि त्याला टोस्ट दिला. पुन्हा वीज चमकली, पुन्हा त्याने मान वर केली. पुन्हा दिला.