डुलाली म्हणजे आपली देवळाली

इंग्रजीत डुलाली असा एक शब्द आहे. ब्रिटनमध्ये एखाद्याचं डोकं फिरलं की "गॉन डुलाली" म्हणतात, आणि हे डुलाली म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली! गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी नावाचं असं झालं आणि शब्द त्यांच्याबरोबर बोटीने विलायतेला गेला.

आधी तो जोडीने यायचा, डुलाली टॅप. यातला टॅप म्हणजे नळ नाही की टपली नाही, तो हिंदुस्थानीतला तप, म्हणजे आपला अंगात येतो तोच ताप. म्हणजे पूर्ण अर्थ देवळालीचा ताप. मला हे फार भारी वाटतं. पुढे टॅप गळून पडला, नुसतं डुलाली राहिलं आणि अर्थ पसरत गेला, आता म्हातारपणी विसरायला लागलेल्या माणसालाही म्हणतात, रागाने बेभान झालेल्यालाही आणि बिघडलेल्या कॉम्प्युटरलासुद्धा.

पण हा ताप नक्की कसला होता? देवळालीला १८६१ पासून ब्रिटिश फौजेचा कॅम्प होता. मुंबईला उतरलेल्या पलटणी इथे येऊन मग देशभर जायच्या, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई घरी जायच्या बोटीसाठी इथेच येऊन थांबायचे. फौजेच्या बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये, त्यामुळे ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली तो बिचारा कित्येक महिने अडकून पडायचा. हातात हत्यार नाही, धड ड्युटी नाही, कधीतरी एखादा रूट मार्च, बाकी दिवसभर करायचं काय? फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई होता, त्याने १९३६ साली छापलेल्या आठवणींत लिहिलंय की वर्षानुवर्षं चांगलं वागलेली माणसं या कॅम्पात येऊन काहीतरी करून बसायची आणि घरी जायच्या आधी तुरुंगात जायची, आणि त्याच्या मते हा वाक्प्रचार त्या कंटाळ्यातूनच आला.

मला त्याचंच पटतं. काही ठिकाणी उन्हाने डोकं फिरायचं असं कारण देतात, ते मात्र मनाला पटत नाही, कारण देवळालीची हवा चांगली म्हणून तर मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक तब्येत सुधारायला तिथे यायचे, त्यासाठी बांधलेली सॅनेटोरियम देवळाली कॅम्पात अजून आहेत. मलेरिया होता, ऊनही होतं, पण तसं ते हिंदुस्थानातल्या कुठल्या छावणीत नव्हतं? देवळालीत जास्तीचं होतं ते म्हणजे वाट बघणं, घरी जायची परवानगी मिळालेली आणि बोट नाही! माणूस खचतो तो अशाने, आणि नाव मात्र गावाचं लागलं.

फौज आजही तिथे आहेच, आपल्या लष्कराचं तोफखान्याचं स्कूल फाळणीनंतर देवळालीलाच आलं.