किल्ल्यांची साइट, नोंद ५: ९६० ची चौकट मोडताना

साताऱ्याभोवतीच्या किल्ल्यांची माझी साइट ९६० पिक्सेलच्या ठरलेल्या रुंदीच्या चौकटीतून बाहेर काढायची, म्हणजे पान पडद्याप्रमाणे आक्रसेल-पसरेल असं करायचं, असं मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तीन रविवार त्यातच गेले.

आधी ९६० ची बाजू घेतो, कारण हल्ली तिला कुणीही उठून नावं ठेवतं. १०२४ बाय ७६८ चे मॉनिटर घरोघरी होते तेव्हा स्क्रोलबार सोडून ९६० झकास बसायचं. शिवाय या आकड्याला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १६ सगळ्यांनी भाग जातो. रकाने पाडायला इतका मनमिळाऊ आकडा मला तरी दुसरा भेटलेला नाही. माझी आखणी होती मजकुराला ७००, मध्ये २० ची फट आणि बाजूला २४०. बॅनरवरचा अजिंक्यतारा जिथे ठेवला तिथेच बसायचा, हे एक सुख होतंच.

पण फोनवर सगळा विचका. पान किती रुंद धरायचं हे सांगणारा व्ह्यूपोर्टचा टॅग नसला की फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० रुंद धरून आखतो आणि आक्रसून दाखवतो. ३६० रुंदीच्या फोनवर माझी १८ पिक्सेलची अक्षरं जेमतेम साडेसहाची दिसत होती. अनुस्वार आणि रफार म्हणजे नुसती धूळ!

पहिल्या रविवारी, पडद्याप्रमाणे जुळवून घेणाऱ्या पानांसाठी ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव २०१० मध्ये रूढ करणाऱ्या ईथन मार्कॉटचं सूत्र लावलं: हवी ती रुंदी भागिले बाहेरच्या डब्याची रुंदी. ७०० भागिले ९६० म्हणजे ७२.९१६६ टक्के, बाजूचा रकाना बरोबर २५ टक्के. टॅग टाकला, फोनपुरते दोन्ही रकाने एकाखाली एक घेतले. फोन खूश, मीही खूश. सोमवारी ऑफिसच्या १९२० रुंदीच्या मॉनिटरवर उघडलं तर मजकूर १४०० पिक्सेल पसरलेला, एका ओळीत पंचवीसेक शब्द. परळीच्या किल्ल्याचा सज्जनगड कसा झाला हा परिच्छेद अडीच ओळींत संपला होता, आणि ओळ संपवून मागे येताना नजर हमखास चुकीच्या ओळीवर उतरत होती.

म्हणजे ताणू द्यायचं, पण कुठेतरी खुंटा हवा. मॅक्स-विड्थ, म्हणजे जास्तीत जास्त रुंदी. इंग्रजी लेखांत ६५ सीएच लिहा म्हणतात, ते मी डोळे झाकून लिहिलं आणि फसलो. सीएच म्हणजे शून्य या आकड्याची रुंदी, आणि तो शून्य यादीतल्या पहिल्या फाँटमधून येतो. माझ्या यादीत रोमन फाँट पहिला, देवनागरी नंतर. म्हणजे मराठी मजकुराचं माप रोमन शून्यावर! शेवटी ३६ एमवर थांबलो (एक एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप). १८ च्या अक्षरात ६४८ पिक्सेल, ओळीला बारा-एक शब्द. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.७५ पट केली, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत शिरतात.

खरा घोळ तक्त्याचा. वैराटगड, कल्याणगड, वर्धनगड, महिमानगड, संतोषगड, वारूगड, दातेगड... प्रत्येकापुढे तालुका, पायथ्याचं गाव, पाणी, एसटी, वाट. सहा रकाने ३६० मध्ये मावणार कसे? पानाच्या आखणीच्या ग्रिडमध्ये मजकुराच्या रकान्याला १एफआर, म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा, दिलं होतं, तरी तक्त्याने सगळं पानच उजवीकडे ओढलं. कारण शोधण्यात एक अख्खी रात्र गेली: १एफआर आतल्या ऐवजापेक्षा लहान व्हायला तयारच नसतो, त्याला मिनमॅक्सने किमान रुंदी शून्य सांगावी लागते. मग तक्ता आडव्या सरकणाऱ्या डब्यात टाकला.

आमचा ट्रेकवाला दोस्त वैराटगडाच्या पायथ्याला उभा राहून फोनवर म्हणाला, “आरं, पाण्याच्या रकान्यापर्यंत सरकवलं की किल्ल्याचं नावच जातंय बाहेर. टाक्यात पाणी हाय म्हणतोयस, पण कुठल्या गडावर?”

बिनतोड. पहिला रकाना स्टिकी केला, म्हणजे बाकीचे सरकले तरी तो डाव्या कडेला चिकटून राहील. त्याला पार्श्वभूमीचा रंग द्यायला विसरलो तर ‘वर्धनगड’वरून ‘खटाव’ आरपार जात होतं. रंग दिला, नावं जागेवर बसली.

बाजूचा रकाना मात्र २५ टक्क्यांवरून परत २४० वर ठोकून ठेवलाय. त्यात छोटा नकाशा आहे, तो ताणला की गावांची नावं फाटतात. सगळंच लवचिक असावं असा हट्ट मला पटत नाही. उलट वासोट्याच्या बाबूकड्याचा आडवा फोटो ३६ एममध्ये कोंबला तर कड्याची पट्टी झाली. त्या एकट्याला खिडकीची पूर्ण रुंदी दिली.

एक दुखणं उरलंय. तक्ता आडव्या डब्यात गेल्यापासून त्याचा वरचा मथळा स्टिकी राहत नाही, कारण आता तो पानाला नाही तर त्या डब्याला चिकटतो, आणि डबा उभा सरकतच नाही. डब्याला ठराविक उंची दिली की चालतं, पण मग फोनवर सरकत्या पानात दुसरं सरकतं पान, अंगठा कुठे ठेवावा कळत नाही. सध्या मथळा तसाच जाऊ देतोय. कुणी यातून वाट काढली असेल तर सांगा.