ड्रमवाल्याचा हात

कागलचा हळदीचा प्रोग्रॅम वाजवून रात्री दीडला परत निघालो. गाडी भाच्याची, ऑक्टापॅड, म्हणजे माझा इलेक्ट्रॉनिक ड्रम, माझ्या मांडीवर. गोकुळ शिरगाव मागं पडलं तसा त्यानं कोल्डप्ले या इंग्लिश बँडचा 'मून म्युझिक' अल्बम लावला. ऑक्टोबर २०२४ चा, म्हणजे तसा नवाच. पण मी या चौघांना २००० च्या 'पॅराशूट्स'पासून ऐकतोय. कॅसेट होती माझ्याकडं, पेन्सिलीनं फिरवून फिरवून जगवलेली.

सुरुवात पियानोवर, निवांत. 'वी प्रे'मध्ये लिटल सिम्झचं रॅप, बर्ना बॉयचा आवाज. हे जमलंय, मान्य. पण 'एटर्ना' लागलं आणि सरळ क्लबमधला ठेका सुरू झाला. धप् धप् धप् धप्, चारी मात्रांवर किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम. सवयीनं माझी बोटं पॅडवर गेली आणि तिथंच थांबली. आपण घालायला त्यात जागाच नव्हती.

त्यांचंच २००२ चं 'इन माय प्लेस' आठवा. सुरुवातीला नुसता ड्रम, त्यांच्या ड्रमवाल्या विल चॅम्पियनचा. अवघड काही नाही, पण दोन ठोक्यांमध्ये तो जी जागा सोडतो ना, ती महिनाभर घासूनही मला जमली नाही. मी प्रत्येक वेळी केसभर आधीच मारायचो. राजारामपुरीतल्या त्या खोलीच्या घरमालकानं शेवटी हात जोडले.

२०२१ चा 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' बराचसा स्वीडनचा निर्माता मॅक्स मार्टिन यानं घडवला, 'मून म्युझिक'वरही तो आहेच. सगळं कसं चकचकीत, मापात. कुणी केसभरसुद्धा चुकत नाही.

हे मी भाच्याला तावातावानं सांगितलं. तो हसला. "मामा, तुम्ही तरी कुठं खरी हलगी वाजवताय? पॅडमधला तयार आवाज, पॅच लावताय की."

आता यावर काय बोलणार? ड्रमसेट मीच विकला. त्याला टेम्पो लागतो, पॅड पिशवीत मावतो. आणि नवरदेवाच्या मित्रांना एकाच माणसाकडून ढोलकी, हलगी, डीजे सगळं पाहिजे असतं.

"आणि ही गाणी गाडीत ऐकायची न्हाईत," तो म्हणाला. जानेवारी २०२५ मध्ये तो कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला नवी मुंबईला जाऊन आलाय, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. (नाव आपल्या कोल्हापूरच्याच माणसाचं, तेवढाच आपला हातभार.) सगळ्यांच्या मनगटावरचे दिव्यांचे पट्टे एकदम लाल, एकदम निळे व्हायचे म्हणे. एवढ्या माणसांना एका तालात उडवायचं तर ठेका सरळच लागतो. मिरवणुकीपुढं वाजवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

कावळा नाक्याला 'ऑल माय लव्ह' लागलं. पियानो, आवाज, जुन्या वळणाची चाल. बंद ऑक्टापॅडवर मी बोटांनी हळूच धरलं. रबराचा नुसता टप् टप्.

"घरापर्यंत हेच ठेव," म्हटलं.